दादाची चाळिशी

नमस्कार श्रोतेहो.

गुंडांवर लघुपट करायचं ठरलं की पहिली खरेदी काळ्या चष्म्याची होते. कथा नंतर. मग कातडी जाकीट येतं, गालावर वार येतो, तोंडात काडी येते. रात्रीच्या प्रसंगातसुद्धा तो काळा चष्मा काही उतरत नाही. अंधारात काळा चष्मा लावणाऱ्या माणसाला मी तरी घाबरणार नाही; हात धरून रस्ता ओलांडून देईन. असो. आज बोलायचंय ते अशा लघुपटातली पात्रं कशी घडवायची, यावर.

मोठ्या चित्रपटात गुंडाचं बालपण, बापाचा मार, पहिला खून, सगळ्याला सवड असते. आपल्या हातात दहा-बारा मिनिटं. माणूस भेटतो तो थेट त्याच्या आयुष्याच्या मधोमध. ही अडचण जुनीच आहे बरं का. १९१२ साली अमेरिकी दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी ‘द मस्केटिअर्स ऑफ पिग अ‍ॅली’ नावाचा मूकपट केला, टोळीवाल्यांवरच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. लांबी सुमारे १७ मिनिटं. त्यात टोळीची माणसं भिंतीला चिकटून एकामागोमाग सरकत कॅमेऱ्याकडे येतात, येता येता म्होरक्याचा चेहरा पडदा व्यापून टाकतो. एक शब्द ऐकू येत नाही. पण भिंत सोडायची त्यांची छाती होत नाही, यावरूनच कळतं की पलीकडे कुणीतरी टपून बसलंय.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी पुन्हा सांगणार आहे: दादा किती मोठा आहे हे दादाकडे बघून कळत नाही. त्याच्यासमोर जो उभा आहे ना, त्याच्याकडे बघा.

आणि सवयी उसन्या आणू नका. १९३२च्या ‘स्कारफेस’ या गुंडपटात जॉर्ज राफ्ट हा नट नाणं उडवत उभा राहायचा. ते इतकं गाजलं की १९५९ साली ‘सम लाइक इट हॉट’ या विनोदी चित्रपटात खुद्द राफ्टच एका पोराचं नाणं हवेतल्या हवेत पकडतो आणि विचारतो, हा फालतू चाळा शिकलास कुठे? ज्याची लकब, त्यालाच तिचा कंटाळा आला; आपण कशाला वापरायची?

आता मला जे सांगायचंय ते सांगतो.

एका हौशी मंडळींच्या लघुपटाचं लेखन माझ्याकडे होतं. बारा मिनिटांचा. पात्रं तीन: दादा, त्याचा हिशेबनीस आणि दाराशी उभा एक पोरगा. दादाचा पूर्वेतिहास मी चार पानं लिहिला होता. त्यात आईचं आजारपण होतं, एक कुत्रा होता, कुत्र्याचं नावही ठरलं होतं. दादाचं काम करणारे गृहस्थ पन्नाशीचे, आवाज खणखणीत, पण स्वभावाने इतके गरीब, की प्रसंगातल्या खुर्चीवर बसण्याआधीही विचारायचे, “बसू ना?” रंगभूषाकाराने तासभर खपून त्यांच्या गालावर वार काढला. दिव्यांच्या उष्णतेने तो घामाबरोबर ओघळून हनुवटीवर आला. दरारा कसला, जेवताना अंगावर सांडून घेतलेला माणूस दिसत होता!

प्रसंग असा. हिशेबनिसाने पैसे खाल्लेत. दादाने वही उघडायची, वाचायची आणि मग मी लिहिलेले सात संवाद म्हणायचे. कॅमेरा चालू झाला. दादांनी वही उघडली. जवळ धरली. लांब धरली. आणखी लांब धरली, हात पुरेना. चाळिशी घरी विसरलेली! मी कपाळाला हात लावला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणणार, तेवढ्यात दादांनी मान वर न करता नुसता तळहात पुढे केला. आणि समोरच्या हिशेबनिसांनी, तेही पन्नाशीचेच, आपल्या नाकावरचा चष्मा काढून त्या तळहातावर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. दोघांत नजरानजरही झाली नाही.

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. ज्याची चोरी पकडायची, त्याचाच चष्मा लावून दादा त्याचीच वही वाचतोय. सावकाश, बोट ओळीवरून फिरवत. मग वही मिटून त्यांनी एक कागद पुढे सरकवला: सही कर. हिशेबनिसांनी कागद उचलला, डोळे बारीक केले. चष्मा मागावा की न मागावा? हात अर्धा पुढे आला, तसाच मागे गेला. शेवटी न वाचताच सही. आणि दादांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि सवयीने आपल्याच खिशात टाकला.

माझे सातही संवाद वाया गेले. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटलं. सहावा चांगला होता.

माझ्या संहितेत शेवटी बोळात खून होता. लाल रंग आणि साखरेचा पाक घोटून रक्ताची बाटलीसुद्धा भरून ठेवली होती. ती तशीच राहिली. नवा शेवट असा: तीच खोली, तीच खुर्ची. समोर दुसराच हिशेबनीस, तरुण, वही पुढे धरून उभा. दादा खिशातून चष्मा काढतो. एक काडी दोऱ्याने बांधलेली, त्यामुळे तो ओळखू येतो. सदऱ्याच्या टोकाला पुसतो, नाकावर चढवतो आणि वाचायला लागतो. संपलं. गोळी नाही, बोळ नाही. पहिल्या खेळाला मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला मोठ्यांदा विचारलं, “अगं, तो चष्मा त्या बिचाऱ्याचा ना?”

बिचाऱ्याचा! पैसे खाणारा माणूस बिचारा झाला. आणि दादांचा वार आम्ही केव्हाच पुसून टाकला होता.

तेव्हा पुन्हा सांगतो: दादाकडे नका बघू, समोरच्याकडे बघा. मागितलं नसताना तो काय काढून देतो, आणि दिलेलं परत मागताना त्याचा हात कुठे अडतो.

चष्मा पुढच्या चित्रीकरणाला तसाच दिसायला हवा, म्हणून दिग्दर्शकाने तो पेटीत घालून कुलूप लावलं. हिशेबनीस दोन दिवस वर्तमानपत्राचे नुसते मथळे वाचत होते.

वेळ होत आली, राहिलेलं भराभर सांगतो. दाराशी उभ्या पोरालाही काहीतरी हवं असू द्या. आमच्या पोराला बसायला हवं होतं, पूर्ण लघुपटात त्याला खुर्ची मिळाली नाही. प्रेक्षक त्याच्याही पायांकडे बघायला लागले. पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नका, बारा मिनिटांत घोटाळा होतो. पोलीस लागत नसेल तर आणू नका. बाई फक्त रडायला आणणार असाल तर तिलाही आणू नका. आणि ते पार्श्वसंगीत! माणूस जिना चढतोय तर ढोल, दार उघडतोय तर ढोल. अहो, पावलं ऐकू द्या ना आम्हाला. पण तो वेगळा विषय आहे, बोलायला लागलो तर मला इथून उठवावं लागेल.

माझ्या त्या चार पानांमधला कुत्रा मात्र अजून रिकामाच आहे. कुणाला आपल्या लघुपटासाठी हवा असेल तर खुशाल न्या. नाव त्याचं ठरलेलंच आहे.

नमस्कार.