पान आधीच लागलं होतं

मंडळी, ८ नोव्हेंबर २०१६ ही तारीख आपल्याला नोटाबंदीमुळे आठवते. मी तेव्हा एका दैनिकात रात्रपाळीला होतो. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि आमचं पहिलं पान पुन्हा नव्यानं लावावं लागलं. त्या धावपळीत एका कामाची मात्र चिंता नव्हती. त्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान होतं आणि गुरुवारच्या अंकासाठी तिथल्या पहिल्या महिला अध्यक्षांवरचं अर्धं पान तयार होतं. लेख माझाच होता. बुधवारी दुपारी एकच्या सुमारास डोनाल्ड ट्रम्प जिंकल्याची बातमी आली आणि ते पान रद्द झालं.

तो लेख मी कशाच्या भरवशावर लिहिला, हा प्रश्न मला अजून छळतो. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन जिंकण्याची शक्यता 'न्यूयॉर्क टाइम्स' ८५ टक्के सांगत होता, 'हफिंग्टन पोस्ट' ९८ टक्के. निवडणुकांचे अंदाज मांडणाऱ्या 'फाइव्हथर्टीएट' या संकेतस्थळाचा आकडा ७१च्या आसपास होता. म्हणजे दहातल्या जवळजवळ तीन वेळा उलटं होणार! शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी असा आकडा सांगितला तर घरात कुणाला झोप लागेल का? आम्ही मात्र तो निकाल लागल्यासारखा वाचला.

आता निकालाकडे बघा. देशभरात हिलरींना सुमारे २९ लाख मतं जास्त पडली. पण मिशिगनमध्ये त्या १०,७०४ मतांनी हरल्या, विस्कॉन्सिनमध्ये सुमारे २३ हजारांनी आणि पेनसिल्व्हेनियात सुमारे ४४ हजारांनी. या राज्यांत ज्याची सरशी, त्याला तिथली सगळी निर्वाचक मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी त्या राज्याच्या वाट्याची मतं, मिळतात. म्हणजे साडेतेरा कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलं आणि फैसला झाला ७८ हजारांच्या आतल्या फरकानं. देशपातळीवरच्या जनमत चाचण्या फारशा चुकल्याच नव्हत्या. चुकल्या त्या राज्यांतल्या. चाचणीला उत्तर देणाऱ्यांत पदवीधर जास्त असतात. त्याचा हिशेब अनेक संस्थांनी धरलाच नाही. कॉलेजची पायरी न चढलेला गोरा कामगार त्यांच्या कागदावर कमी भरला.

हिलरी उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत. आणि माझ्या अख्ख्या लेखात त्या राज्याचं नावसुद्धा नव्हतं.

पत्रकारांवरचा राग त्या रात्री जन्माला आला, असं मी मानत नाही. वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्हीवर बऱ्यापैकी विश्वास आहे असं १९७६ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेला ७२ टक्के अमेरिकनांनी सांगितलं होतं. अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण ताजं होतं, पत्रकारांच्या चिकाटीनं काय घडू शकतं हे लोकांनी पाहिलं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे मतदानाच्याही आधी, तो आकडा ३२वर आला होता. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांत फक्त १४. मधल्या काळात काय झालं? बरंच काही. पण मला सगळ्यात जास्त टोचते ती छोट्या वर्तमानपत्रांची गोष्ट. २००४ नंतरच्या चौदा-पंधरा वर्षांत तिथली सुमारे १,८०० वर्तमानपत्रं बंद पडली, बहुतेक साप्ताहिकं. गावच्या शाळेच्या बैठकीला बसणारा, कारखाना बंद पडला की फाटकापाशी उभा राहणारा, बाजारात भेटला की ज्याला चार शब्द सुनावता येतात असा वार्ताहर गेला. उरला तो दूरच्या स्टुडिओतला चेहरा. त्याच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

राजकारण्यांनी या रागावर आपली पोळी भाजून घेतली. तटस्थ राहायचं सोडून डेमोक्रॅटिक पक्षाचे पदाधिकारी उमेदवारीच्या शर्यतीतले हिलरींचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्या विरोधात झुकले होते, हे फुटलेल्या ईमेलमधून दिसलं आणि जुलै २०१६ मध्ये पक्षाध्यक्षांना पद सोडावं लागलं. तिकडे ट्रम्प यांनी सत्तेवर येऊन महिना व्हायच्या आतच मोठमोठ्या वृत्तमाध्यमांना अमेरिकन जनतेचे शत्रू ठरवलं. चुकलेला वार्ताहर आणि शत्रू यांतला फरकच पुसायचा, हे मला फार घातक वाटतं.

निकालानंतर पाचच दिवसांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या प्रकाशकांनी आणि संपादकांनी वाचकांना पत्र लिहिलं. ट्रम्प यांचा पाठिंबा आम्ही कमी लेखला का, हा प्रश्न त्यांनी त्यात उघडपणे मांडला. आम्ही आमच्या वाचकांना एक ओळही लिहिली नाही. अर्ध्या पानावर नवा मजकूर आला, खाली माझंच नाव छापलं आणि मी रात्रपाळी संपवून घरी गेलो.