बहात्तर तास

(दृश्य : संध्याकाळ. नवले पूल. कात्रजकडून उताराने येणाऱ्या दिव्यांची रांग.)

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. या उतारावरच्या अपघातांबद्दल पुणेकराला वेगळं काही सांगावं लागत नाही. माझा दादा इथेच पडला. कुणी धडक दिली नाही, सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. लोक थांबले, त्यांनी १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका लवकर आली.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला. म्हणाले, "मेंदूला मार आहे. ऑपरेशन आत्ता तरी लागेल असं वाटत नाही. पण बहात्तर तास काही सांगता येणार नाही."

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या कितीतरी जणांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. त्या बहात्तर तासांत आत नेमकं काय चाललेलं असतं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंही नाही. तो प्रश्न मी नंतर बरीच वर्षं घेऊन फिरलो.

(दृश्य : वाणसामानाची वही. मागच्या पानांवर निळ्या शाईत आकडे.)

वहिनींच्या पिशवीत वाणसामानाची वही होती. तिच्या मागच्या पानांवर सिस्टर सांगतील तो आकडा त्या लिहून ठेवायच्या. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, या तीन गोष्टींना मिळून दिलेले हे गुण. ग्लासगो शहरातल्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत मांडली. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर.

वहीत असं आहे : सोमवार रात्र, ९. मंगळवार सकाळ, ९. मंगळवार रात्र, ७. बुधवार पहाट, ६, आणि पुढे, "यांना नळी घातली."

दादा पडला सोमवारी. मंगळवारी तो कुठे आपटला नाही, त्याला कुणी हात लावला नाही. तरी आकडा उतरत गेला.

कारण मेंदूला मार दोनदा बसतो. पहिला रस्त्यावर, क्षणात. त्यात जे फाटलं ते फाटलं. दुसरा मार तिथून सुरू होतो आणि तास, दिवस, कधी आठवडे चालतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलायला ग्लुटामेट नावाचं रसायन अगदी जपून, थेंबाथेंबाने वापरतात. पेशी फुटल्या की ते एकदम सांडतं. शेजारच्या धडधाकट पेशींची दारं उघडी पडतात, कॅल्शियम आत घुसतं, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया बंद पडायला लागतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची वीण एरवी फार घट्ट असते. ती सैल होते, पाणी झिरपतं, सूज येते. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी. त्या मलबा उपसायला धावतात, पण हा दाह वेळेत आवरला नाही तर वाचलेल्या पेशीही त्यात होरपळतात.

आयसीयूत डॉक्टर दाब सांभाळतात, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळतात, गरज पडली तर शस्त्रक्रिया करतात. यानेच माणसं वाचतात, दादाही वाचला. पण हा दुसरा मार मुळातच थोपवेल असं खात्रीचं औषध नाही. शोध कमी झाला म्हणून नव्हे. सूज उतरवायला स्टेरॉइड वर्षानुवर्षं दिली जात होती. दहा हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल २००४ साली आला : स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी दोन आठवड्यांत शंभरातले २१ दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १८. उपकार समजून दिलेलं औषध जीव घेत होतं. मग प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडून आशा होती. उंदरांमध्ये ते छान चाललं, माणसांमधल्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ साली निष्फळ ठरल्या.

(दृश्य : गणेशखिंड. विद्यापीठाच्या आवारातला झाडांनी झाकलेला रस्ता.)

या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी पुरवल्या जातात. अशा कुठल्याही पेशी-प्रयोगशाळेत एक काम न चुकता करावं लागतं. सदतीस अंश उबेत, प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत पेशी वाढत असतात, वर गुलाबी द्रव. दोन-तीन दिवसांत तो पिवळट होतो. मग जुना द्रव काढून टाकायचा आणि ताजा घालायचा.

तो टाकून दिलेला द्रव हाच या गोष्टीचा नायक.

मूळ पेशी म्हणजे स्टेम सेल, जिच्यापासून वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशी पेशी. अस्थिमज्जेतल्या अशा पेशींकडे अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने आधी लक्ष वेधलं. १९९१ साली आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना मेझेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिलं. कल्पना सरळ होती : मेलेल्या पेशींच्या जागी या नव्या बसतील. पण शिरेतून सोडल्यावर त्यातल्या बहुतेक फुप्फुसातच अडकतात. मेंदूपर्यंत फार थोड्या पोहोचतात, आणि त्याही टिकत नाहीत. तरी प्रयोगातले उंदीर सुधारत होते! मग ध्यानात आलं की पेशी स्वतः कामाला लागत नाहीत, त्या निरोप पाठवतात. बाटलीत वाढताना हेच निरोप त्या गुलाबी द्रवात उतरतात. खुद्द कॅप्लन यांनीच पुढे म्हटलं की यांना स्टेम सेल म्हणणं सोडा. आपण दिलेलं नाव आपणच मागे घ्यायचं, याला मन मोठं लागतं.

(दृश्य : बाटलीतला द्रव नळीत घेतला जातो. फिरणारं यंत्र.)

ताक ठेवून दिलं की वर निवळ येते. पेशींच्या या निवळीत पेशी नसतात. मेंदूतल्या चेतापेशींना जगवणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी, दाह शमवणारी प्रथिनं असतात, आणि एक्सोझोम असतात. एक्सोझोम म्हणजे ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या. केसाच्या जाडीत अशा शेकडो एकापुढे एक मावतील. प्रत्येकीत प्रथिनं आणि मायक्रो आरएनए, म्हणजे पेशीत कुठलं प्रथिन किती बनेल यावर ताबा ठेवणारे छोटे तुकडे. ही शिदोरी दुसऱ्या पेशीत शिरते आणि तिचं वागणं बदलते. १९८३ साली त्या पहिल्यांदा नीट दिसल्या, तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं की हा पेशीचा कचरा असावा.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१५ साली डोक्याला मार लागलेल्या उंदरांना एक दिवसानंतर शिरेतून फक्त एक्सोझोम दिले, पेशी नाहीत. त्या उंदरांना पाण्यात बुडवलेला पाट शोधणं (ही त्यांच्या आठवणीची परीक्षा) जास्त चांगलं जमलं, मेंदूतला दाह कमी झाला, नव्या रक्तवाहिन्या आणि नवे न्यूरॉन जास्त दिसले.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेळेची. रुग्णाच्याच मज्जेतून पेशी काढून वाढवायच्या तर आठवडे जातात. आपल्याकडे तास असतात. निवळ मात्र आधीच काढून, गोठवून, कुपीत ठेवता येईल. मध्यरात्री रुग्ण आला तर कुपी काढायची. शिवाय पेशीच नाहीत, म्हणजे शरीरात जाऊन नको तशा वाढतील ही धास्तीही उरत नाही.

मग अडलंय कुठे? तर प्रत्येक निवळ वेगळी निघते. मज्जेतल्या पेशींची वेगळी, नाळेतल्यांची वेगळी, तरुण दात्याची वेगळी, वयस्कराची वेगळी. बाटलीतला ऑक्सिजन कमी-जास्त केला तरी ती बदलते. मग डोस कशात मोजायचा? प्रथिनांच्या वजनात की पिशव्यांच्या संख्येत? आणि प्रयोगातल्या उंदरांना एकाच जागी, एकसारखा मार दिलेला असतो. नवले पुलावर दोन डोकी सारखी फुटत नाहीत. प्रोजेस्टेरॉनचं काय झालं ते लक्षात ठेवून हे ऐकायचं.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर सरकणाऱ्या जाहिराती.)

एक गोष्ट मला तुम्हाला कळकळीने सांगायची आहे. दादा घरी आल्यावर एकाने आम्हाला स्टेम सेलच्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवला. किंमत लाखांत. वहिनी मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटलंय : रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी असलेल्या चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही एक्सोझोमच्या बाजारू इंजेक्शनांबद्दल २०१९ साली जाहीर इशारा दिला. आपल्याकडच्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कुणालाही बघता येते. कुणी चाचणी म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागितले तर उठून या.

(दृश्य : पर्वतीच्या पायऱ्या. सकाळचं ऊन.)

दादा आता चालतो. डावा पाय थोडा ओढतो, शब्द आठवायला वेळ लागतो. रविवारी वहिनी त्याला पर्वतीवर नेतात. वही तीच आहे. आठ, दहा, तेरा करत आकडे चढत गेले आणि मग एका पानावर थांबले. त्यापुढची पानं पायऱ्यांची आहेत. शेवटची नोंद गेल्या रविवारची :

"६१ पायऱ्या. मोजताना हे दोनदा चुकले, परत पहिल्यापासून मोजायला लागले. मी सांगितलं नाही."