दोन हात रुंद भिंत

(दृश्य: औसा तालुक्यातलं एक गाव. मे महिन्यातली दुपार. वाड्याचं दार उघडतं.)

बाहेर ऊन भाजून काढतंय. ढाळज ओलांडून आत पाऊल टाकलं की पायाखालची फरशी गार लागते. ही भिंत दोन हात रुंद आहे. दुपारचं ऊन तिच्यात शिरतं आणि आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. वर सागाच्या तुळया, त्यावर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, त्यावर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. मधोमध सानं, म्हणजे छतातला झरोका. त्यातून उतरलेला उजेडाचा तुकडा दिवसभर या खणातून त्या खणात सरकत राहतो.

हे माझं आजोळ. तीस वर्षं इथं कुणी झोपलं नव्हतं.

(दृश्य: अंगणातली बाज.)

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आजीनं त्या पहाटे अंगणात टाकलेली बाज पुन्हा आत नेली नाही. गावोगाव माळवदं उतरली, सागवान विकलं गेलं, त्यांच्या जागी स्लॅब टाकले गेले. दगडामातीचं घर म्हणजे मरण, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना बोल कसा लावायचा?

पण भिंत का पडली, हे तिच्या पोटात शिरून पाहायला हवं.

(दृश्य: अर्धवट ढासळलेल्या भिंतीचा छेद.)

बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत खरं तर दोन भिंती आहेत. बाहेरच्या अंगाचे दगड वेगळे, आतल्या अंगाचे वेगळे, मध्ये गोटे आणि चिखलाचं भरण. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. जमीन हलली की अंगं एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि भिंत बसते. वर माळवद गळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थापत गेलेल्या मातीचं ओझं. जिथं छप्पर लाकडी खांबांवर नीट तोललेलं होतं, तिथं भिंती पडल्या तरी माळवद उभं राहिलेली घरंही भूकंपानंतर दिसली होती. दोष दगडाचा नव्हता. सांधा नव्हता, आणि वजन फार होतं.

(दृश्य: गवंडी भिंतीतला एक दगड हलक्या हातानं सैल करतो.)

वाडा दुरुस्त करताना हाच धडा वापरला. एक दगड काढायचा, पलीकडच्या अंगापर्यंत भोक न्यायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. ठरावीक अंतरावर असे टाके घालत सगळी भिंत शिवून काढायची. दारं-खिडक्यांच्या माथ्यावरून चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बांधायचा. माळवदावरची जादा माती उतरवून वीतभरच ठेवायची. माती उतरवायलाच आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले.

गिलावा सिमेंटचा केला नाही. सिमेंट जुन्या भिंतीतली ओल कोंडून ठेवतं, मग खार फुटतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश दगडासारखा होतो. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून मळलेल्या चुन्याचा आंबूस वास मला आता ओळखू येतो. धान्याचं बळद होतं तिथं न्हाणीघर झालंय. कोनाड्यांत पुस्तकं आहेत, दिवळ्यांत दिवे.

(दृश्य: नळदुर्ग. बोरी नदीवरचा बंधारा.)

मराठवाड्याला नवी वास्तू म्हणजे काचेचा दर्शनी भाग आणि पीओपीचं छत, एवढंच वाटत असेल तर नळदुर्गला यावं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, बंधाऱ्याच्या पोटात हा पाणी महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे डोक्यावरून कोसळत असतात आणि आपण आत कोरडे बसून झरोक्यातून ते पाहतो. दगड आणि चुन्याच्या अंतर्गत सजावटीचं याहून धाडसी काम मी पाहिलेलं नाही.

(दृश्य: विटांचं लाटेसारखं छत. त्यावरून धावणारी मुलं.)

आणि हे आजच्या काळातलं. आपल्या हद्दीपलीकडचं, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं, पण गोदाकाठचंच कोपरगाव. वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या कार्यालयानं केलेलं शाळेचं माया सोमय्या ग्रंथालय. पातळ विटांचे थर एकमेकांवर लावून घुमटासारखी वळवलेली ही कमान आपल्या आकाराच्या बळावरच उभी राहते. खाली मुलं वाचतात, वर मुलं चढतात. वीट आपल्याकडेही जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर सातवाहनकाळातल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटा सापडल्या. असं ग्रंथालय तेरजवळच्या एखाद्या शाळेत झालेलं मला पाहायचंय.

(दृश्य: पुन्हा वाडा. दुपार.)

आजी आजही रात्री अंगणातच झोपते. तिला कुणी आग्रह करत नाही. सळयांचे आकडे कुठं कुठं घातलेत, ते मी तिला एकेका जागेवर बोट ठेवून दाखवलं. तिनं प्रत्येक ठिकाणी गिलाव्यावरून तळहात फिरवून पाहिला. या मे महिन्यात, दुपारच्या वेळी, ती पहिल्यांदा आत आली, सान्याखालच्या उजेडात बसली आणि भिंतीला पाठ टेकली.