घामोळं ओळखायचं कसं

घामोळं कुणाला माहीत नाही? आणि नेमकं त्यामुळेच ते फार वेळा चुकीचं ओळखलं जातं. उन्हाळ्यात अंगावर काहीही उठलं की आपण म्हणतो, घामोळं आलंय. मानेवरचा नायटा घामोळं, बाळाच्या जांघेतली बुरशी घामोळं, कांजिण्यांचा पहिला दिवसही घामोळंच. म्हणून आज मी औषधांपेक्षा ओळखण्यावर जास्त बोलणार आहे. औषध तसंही फारसं नाही.

आधी आत काय घडतं ते पाहू. माणसाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी असतात साधारण 20 ते 40 लाख. जन्मतः असतात तेवढ्याच, पुढे नवीन तयार होत नाहीत. प्रत्येक ग्रंथी त्वचेच्या खोल थरात, दोऱ्याचा गुंता पडावा तशी बसलेली असते. तिच्यातून एक नळी निघते, सरळ वर येते आणि शेवटच्या टप्प्यात, म्हणजे बाह्यत्वचेत, स्क्रूच्या आट्यांसारखे वेढे घेत उघडते. बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकीच जाड. एवढ्याशा अंतरात ही नळी नेमकी कुठे तुंबली, यावर घामोळ्याचं रूप ठरतं.

तुंबते का? घाम वाळला नाही की कातडी भिजत राहते. तासभर कपडे धुतले की बोटं कशी पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली होतात, तसंच पाठीवर आणि मानेवर होतं, फक्त दिसत नाही. वरचा मृत पेशींचा थर फुगतो आणि नळीचं तोंड दाबलं जातं. त्यात त्वचेवर नेहमी वस्तीला असणारे जिवाणू भर घालतात. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जिवाणू एक चिकट पदार्थ तयार करतो, तो नळीत बुचासारखा बसतो. होल्झ्ले आणि क्लिगमन या संशोधकांनी 1978 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी त्वचा प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने झाकून मुद्दाम घामोळं आणलं होतं. जिथे जिवाणूंची दाटी जास्त, तिथे घामोळंही जास्त. यावरून कुणी जंतुनाशक साबणाने पाठ खरवडायला घेऊ नका. घासलेली कातडी आणखी सुजते. त्या प्रयोगातून आपल्यासाठी घ्यायची गोष्ट आहे ती प्लॅस्टिकची. रेक्झिनची गादी, पॉलिएस्टरचा शर्ट, पाठीला चिकटलेली सॅक, सगळं त्याच जातीचं.

म्हणजे हा आजार न वाळलेल्या घामाचा आहे, नुसत्या तापमानाचा नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी, घाम येतो आणि उडून जातो. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत पारा पस्तिशीच्या आत असूनही माणूस निथळत बसतो. घामोळ्याला हे दुसरं हवामान मानवतं. मग विदर्भात घामोळं येत नाही का? येतं, आणि त्यात कूलरचा हात असतो. कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळून. समोरची खिडकी उघडी असेल तर ओली हवा बाहेर पडते. पण 'गारवा जाईल' म्हणून दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला, की दोन तासांत खोलीचं कोकण होतं. अंथरूण दमट, पाठ चिकट. कूलर लावताना समोर हवेला वाट ठेवा. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

आता रूपं. नळी अगदी वरच्या थरात तुंबली तर पाण्याचे थेंब शिंपडावेत तसे एक-दोन मिलिमीटरचे स्वच्छ फोड येतात. खाज नाही, लाली नाही. बोट फिरवलं तरी फुटतात आणि मागे पातळसा पापुद्रा राहतो. ताप उतरताना खूप घाम आलेल्या माणसाच्या छाती-पोटावर आणि तान्ह्या बाळाच्या कपाळावर हे दिसतात. एक-दोन दिवसांत आपोआप जातात. त्यांना काहीही लावू नका.

नळी थोडी खाली, बाह्यत्वचेच्या मध्यात तुंबली की घाम आजूबाजूच्या पेशींत झिरपतो आणि सूज येते. हेच आपलं नेहमीचं लाल घामोळं. दोन ते चार मिलिमीटरच्या पुळ्या, तळाशी लाली, आणि ती ओळखीची टोचणी. ही टोचणी खाजेपेक्षा वेगळी असते. माणूस उन्हातून आला, गरम चहा प्यायला, जिना चढला, की घाम सुटायच्या क्षणी एकदम सुया टोचल्यासारखं होतं. कारण ग्रंथी घाम ढकलते आणि वाट बंद असते. पंख्याखाली बसलं की पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं. माझ्या मते ओळखीची सगळ्यात भरवशाची खूण हीच.

तिसरं रूप आणखी खोल तुंबल्याचं. लाल घामोळं पुन्हा पुन्हा येत राहिलेल्या, भट्टीजवळ, बॉयलरवर, बेकरीत काम करणाऱ्यांत ते दिसू शकतं. पुळ्या कातडीच्याच रंगाच्या, टणक, धडावर पसरलेल्या. खाज जवळजवळ नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. धोका मात्र यातच आहे. धडाच्या मोठ्या भागावर घाम येणंच थांबतं आणि शरीराला थंड व्हायची वाट उरत नाही. चेहऱ्यावरून धारा लागल्यात, पाठ-पोट कोरडं ठणठणीत, आणि माणूस म्हणतो चक्कर येते, मळमळतं, जीव घाबरतो. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांत गेलेल्या सैनिकांत डॉक्टरांनी हे पाहिलं आणि नोंदवलं. अशा माणसाला पावडर देऊन परत भट्टीवर पाठवू नये. त्याला काही आठवडे गारव्यातलं काम द्यावं लागतं.

पुळी कशी पाहायची ते दाखवतो. खिडकीजवळ उभं करा किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून प्रकाश टाकला तर उंचवटे दिसत नाहीत. एक पुळी निवडा आणि साध्या भिंगातून तिचा मध्य पाहा. मध्यातून केस निघतोय का? निघत असेल आणि टोकाला पिवळा पू असेल, तर तो केसाच्या मुळाचा संसर्ग. घामोळ्याची पुळी केस सोडून येते, कारण घामाची नळी वेगळी आणि केसाचं छिद्र वेगळं. मग एक पारदर्शक काचेचा ग्लास पुळ्यांवर हलके दाबा. घामोळ्याची लाली काचेखाली फिकी होते. लाल-जांभळे ठिपके तसेच राहिले आणि सोबत ताप असेल, तर ते त्वचेखालचं रक्त आहे. डेंग्यूत किंवा रक्तातल्या गंभीर संसर्गात असं होतं. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

यानंतर जागा पाहा. मान, पाठ, छाती, कोपराची लवण, कमरेवर नाडी किंवा इलॅस्टिक बसतं तो पट्टा, ब्राच्या पट्ट्याखालची जागा. तळहात-तळपायावर घामोळं येत नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत, रात्री खाज वाढते आणि घरात आणखी दोघं खाजवताहेत, तर ती खरूज. तिचं औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावावं लागतं. गोल चकतं, कडा उठलेली आणि कोंडा धरलेली, मध्य बराचसा साफ, आठवड्यागणिक मोठं होणारं, म्हणजे नायटा. गांध्या उठतात, काही तासांत विरतात आणि दुसरीकडे उठतात, ते अंगावर उठणारं पित्त. ताप आहे, पुळ्या डोक्याच्या केसांत आणि तोंडातही आहेत, एकाच वेळी काही लाल, काही पाण्याने भरलेल्या, काही खपली धरलेल्या, तर कांजिण्या. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ म्हणजे गोवर. साध्या घामोळ्याने ताप येत नाही, हे लिहून ठेवा.

नायट्यावर जरा थांबतो, कारण इथे फार नुकसान होतं. 'घामोळ्यावर काहीतरी द्या' म्हटलं की दुकानातून बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मिळते. तिच्यात क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड असतं. लावल्यावर चार दिवसांत लाली जाते, खाज जाते, माणूस खूश. बुरशी मात्र मरत नाही, पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने येते, पुन्हा लावली की दबते. दोन महिन्यांनी त्या नायट्याची गोल कडाही राहत नाही, म्हणजे ओळखणंही अवघड. जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात. ट्यूबवर '-सोल', '-सोन' असं शेवटी येणारं नाव दिसलं तर निदान विचारा तरी, की यात स्टेरॉइड आहे का.

आता तान्ही बाळं. त्यांच्या घामाच्या नळ्या पुरत्या तयार झालेल्या नसतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत घामोळं सहज येतं. त्यात आपण मे महिन्यातही टोपडं, झबलं, दुपटं, वरून शाल असा थाट करतो. बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते बाळाचे गारच लागतात. मानेच्या मागे बोट घाला. ओलसर, गरम लागलं तर एक थर कमी करा. घरात मोठ्यांना पुरतात तेवढेच कपडे उन्हाळ्यात बाळाला पुरतात. मालीश करायला ना नाही, पण तेल आंघोळीत निघून गेलं पाहिजे. आंघोळीनंतर पुन्हा खोबरेल चोपडणं आणि धुरी देणं, दोन्ही उन्हाळ्यात बंद. डाळीच्या पिठाने चोळणंही नको. जांघेत लालबुंद, चमकदार चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी, तिला वेगळं मलम लागतं. पू भरलेले फोड, दूध न ओढणं, बाळ मलूल पडणं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप, यांतलं काहीही असलं तर घरी थांबू नका.

उपचार एका वाक्यात सांगायचा तर घाम येण्याचं कारण काढा आणि कातडी कोरडी होऊ द्या. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ. साबण एकदाच, तोही काखा-जांघांपुरता. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि कपडे घालण्याआधी पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं. बहुतेक लोक हेच गाळतात आणि ओल्या पाठीवर बनियन चढवतात. टोचणी फार असेल तर गार पाण्यात पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवा आणि मग जागा कोरडी करा. कॅलामाइन लोशन बाटली हलवून, पातळ थरात, दिवसातून दोन-तीनदा. तेल, व्हॅसलिन, जाड मलम, काही नको. ती सगळी बुचंच. एवढं केलं की लाल घामोळं दोन-तीन दिवसांत बसायला लागतं. त्या जागेचा घाम पूर्ववत व्हायला मात्र दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणून पुळ्या गेल्या म्हणून चौथ्या दिवशी भर दुपारी क्रिकेट खेळलं, की ते परत येतं. आठवडाभर असं करूनही फरक नाही, तर ते घामोळं नसण्याचीच शक्यता जास्त. पुळ्यांत पू, भोवती पसरणारी गरम लाली, ठणका किंवा गाठी आल्या तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर आठवडाभर थांबूच नका.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पावडरबद्दल तीन जणांनी विचारलंय. मोठ्या माणसाने पूर्ण कोरड्या कातडीवर अगदी पातळ हात फिरवला तर घर्षण कमी होतं, मेन्थॉलने गार वाटतं, एवढंच. ओल्या मानेवर थापली तर तिचा चिखल होऊन वळ्यांत बसतो. लहान बाळाला मात्र नको, कारण ती श्वासातून छातीत जाते. शिवाय घामोळ्याच्या काही पावडरींत बोरिक अ‍ॅसिड किंवा कापूर असतो, तो बाळांसाठी धोक्याचा आहे.

दुसरी चिठ्ठी, आंबे खाल्ल्याने घामोळं येतं का? आंबा आणि घामोळं एकाच महिन्यात येतात, म्हणून एकाचा आळ दुसऱ्यावर. आंब्याच्या चिकाने ओठांभोवती चट्टे उठतात, ते वेगळं. देठाकडचा चीक काढून, फळ धुऊन खा. मुलतानी माती, चंदन, कडुलिंबाचं पाणी यांनी गार वाटतं ते ओलावा उडत असतो म्हणून. माती सुकून तडकायच्या आत धुवा, आणि खरवडू नका. लिंबाचा रस आणि खायचा सोडा कुणी लावत असेल तर थांबवा, त्याने भाजतं.

शेवटची चिठ्ठी. पहिल्या पावसात भिजलं की घामोळं जातं, हे खरं का? वळीव कोसळतो, पारा काही तासांत खाली येतो, घाम थांबतो, आणि दोन दिवसांत पाठ मऊ पडते. श्रेय पाण्याच्या थेंबांचं नाही, गारव्याचं. आडोशाला उभ्या असलेल्या माणसाचंही घामोळं तेवढंच जातं. तरी भिजायचं असेल तर खुशाल भिजा. फक्त घरी आल्यावर ओला शर्ट अंगावर वाळवू नका.