चिलीचं चिन्ह, बोअरांची रायफल

रायफलीची नळी जिथे मागच्या पोलादात घट्ट बसवलेली असते, तिथे वरच्या बाजूला पाहा. एक ढाल आणि ढालीत तारा. एका अंगाला हुएमुल हरीण, दुसऱ्या अंगाला कॉन्डोर गिधाड. हे चिलीचं राष्ट्रचिन्ह. डाव्या बाजूला स्पॅनिशमध्ये ओळ आहे: माउझर चिलेनो, मोडेलो १८९५, म्हणजे चिलीची माउझर रायफल, १८९५ चा नमुना; खाली लोवे, बर्लिन. म्हणजे मागणी चिलीची, कारखाना जर्मन.

पण याच रायफलीवर आणखी तीन अक्षरं ठोकली आहेत. ओ, व्ही, एस. ओरान्ये व्हरेई स्टाट, म्हणजे ऑरेंज फ्री स्टेट, दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांचं, म्हणजे बोअरांचं, प्रजासत्ताक.

१८९५ च्या अखेरीस ब्रिटिशांच्या बाजूच्या जेमसनच्या टोळीनं ट्रान्सवाल या दुसऱ्या बोअर प्रजासत्ताकावर धाड घातली आणि ब्रिटिशांशी युद्ध होणार हे बोअरांना दिसलं. ट्रान्सवालनं सुमारे ३७,००० माउझर विकत घेतल्या, शेजारच्या फ्री स्टेटनंही खरेदी केली. त्या खरेदीत चिलीचं चिन्ह आधीच उमटलेल्या काही रायफली आल्या. चिन्ह तसंच राहिलं, त्याच्या सोबतीला नव्या मालकाची अक्षरं बसली.

आता खरी पारख. तीन अक्षरं कुणीही नंतर ठोकू शकतो, नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नये. भिंग घ्या. जुन्या शिक्क्याच्या कडा आजूबाजूच्या पोलादाइतक्याच झिजलेल्या असतात. ताज्या शिक्क्याच्या कडेला धातू उचललेला दिसतो, बोटाला टोचतो. मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, बाहेर काढा. काडतुसाला टेकणारं त्याचं तोंड १८९५ च्या नमुन्यात गोल असतं, स्पेनच्या १८९३ च्या नमुन्यात खालून सपाट. बोल्टवरचा आणि मुख्य भागावरचा क्रमांक जुळतो का, तेही बघायचं. हे बघितल्याशिवाय मी तरी कुठल्याही रायफलीला बोअर म्हणणार नाही.

ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर आणि ब्रिटिश यांच्यात युद्ध पेटलं. ७ मिलिमीटरची पाच काडतुसं एका पट्टीतून एका दाबात आत जायची, धूर जवळपास नाही. कोलेन्सोच्या लढाईत ब्रिटिश सैनिकांना गोळ्या कुठून येतात तेच कळेना.

हरलेल्या बोअरांच्या रायफली गेल्या, कितीतरी विजयचिन्हं म्हणून इंग्लंडमधल्या घरांत. माणसं गेली सेंट हेलेनाला, सिलोनला, बर्म्युडाला; काही कैदी तर थेट आपल्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला.

म्हणून शेवटी रायफलीचा लाकडी दस्ता पाहायचा. बोअर शेतकरी चाकूच्या टोकानं लाकडावर आपलं नाव कोरायचे, कधी नुसती आद्याक्षरं. पोलादावर सरकार सापडतं, माणूस सापडतो तो लाकडावर. ते कोरीव काम काळवंडलेलं असतं, तेला-मळानं भरलेलं, आणि पहिल्या नजरेला नुसता ओरखडा वाटतं. अशी रायफल हाती आली तर कृपा करून त्या दस्त्याला पॉलिश पेपर लावू नका.