नवतपात प्रोसेसर तापतोय? आधी वजाबाकी करा

नमस्कार मंडळी. हिवाळ्यात सुरळीत चाललेला पीसी मे महिन्यात गेम उघडला की अडखळायला लागतो. लगेच नवा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा पंखा-पत्र्यांचा जोड, मागवू नका.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं चालवा. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा. समजा डिसेंबरात खोली 22 अंश, प्रोसेसर 68, फरक 46. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टिनाखालची खोली 42 आणि प्रोसेसर 88 असेल, तर फरक तोच. हीटसिंक आपलं काम करतोय, खोलीच तापलीय. फरक 60 झाला असेल, तर मात्र दोष कॅबिनेटमध्ये आहे. बरेच इंटेल प्रोसेसर 100 अंशांजवळ, बरेच रायझन 90 ते 95 ला स्वतःहून वेग कमी करतात. अडखळतं ते त्यामुळे.

आता बाजूचा पत्रा काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. पाचेक अंश उतरले, तर कॅबिनेटची हवा कोंडतेय.

मग प्लग काढा आणि पंख्याच्या पात्यांमधून टॉर्च मारून बघा. घरात कापूस साठवला असेल, तर हीटसिंकच्या पत्र्यांवर रुईची गादी बसलेली दिसेल. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवा. मोकळी भरधाव फिरली की बेअरिंग खराब होतं.

इंटेलसोबत येणाऱ्या हीटसिंकला चार खुंट्या असतात. त्यातली एक जरी सुटली तरी तापमान काही सेकंदांत 100 गाठू शकतं. खडबडीत रस्त्यानं पीसी आणला असेल, तर आधी हेच तपासा. खुंट्या तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन-दोन दाबायच्या, 'टक्' आवाज येईपर्यंत.

हीटसिंक एकदा उचलला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा, बोटानं पसरवू नका. एएम4 सॉकेटचा (तळाला पिना असलेला) रायझन असेल, तर पीसी आधी थोडा चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा आणि हीटसिंक हळूच पिळत काढा. सरळ ओढलात तर प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात.

सगळं ठीक असूनही खोलीच 42 असेल, तर बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) प्रोसेसरची वीज कमी करा. उदाहरणार्थ, इंटेलचा आय5-12400 टर्बोत, म्हणजे वाढीव वेगात, 117 वॅटपर्यंत जातो. त्याला 65 वर बांधा. थोडा वेग जाईल, उन्हाळ्यापुरता जाऊ द्या.

खोलीतल्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर सोडू नका, तुषार आत जातात. कूलर खिडकीत लावा, समोरचं दार उघडं ठेवा आणि कॅबिनेट झोतापासून बाजूला, जमिनीपासून वीतभर वर.