खांबावरचा बलब आणि धक्क्यावरचं जहाज

नमस्कार श्रोतेहो. आज बंदरावर बोलायचं आहे. हो, हसा. आपल्याकडे बंदर म्हटलं की तुरीच्या शेंगा ओरबाडून जाणारंच डोळ्यांसमोर येतं. मी बोलतोय ते जहाजांचं, न्हावा-शेवासारखं. १९८९ साली सुरू झालेलं ते बंदर. आपल्या जिनिंगमधली कापसाची गाठ परदेशी निघाली की अशाच एखाद्या बंदरातून जाते, म्हणून तिथला धूर आपलाही विषय.

पण आधी एक लग्न सांगतो.

आमच्या चुलत बहिणीचं. समुद्रपूर तालुक्यातलं गाव, मे महिना, लोडशेडिंगचे दिवस. म्हणून काकांनी हिंगणघाटहून भाड्यानं जनरेटर आणलेला. तो ठेवला कुठं? आचाऱ्यांच्या चुलाण्याशेजारी! एकीकडे आलू-वांग्याची भाजी शिजतेय, दुसरीकडे डिझेलचा काळा धूर. पंगत बसली होती, पळसाच्या पत्रावळीवर. (आता बुफे आलाय. ताट हातात घेऊन उभ्याउभ्या, धक्के खात जेवायचं. मला विचाराल तर ते जेवणच नाही. असो.) तर पंगतीतला पहिला घास घेतला आणि आमच्या मामांनी भाजी बाजूला सारली. भाजीला डिझेलचा वास.

आजी उठली. ऐंशीच्या घरातली, काठी टेकत मांडवाबाहेर गेली. बघते तर समोरच्या खांबावरचा दिवा लख्ख. लाईट केव्हाचीच आलेली! जनरेटरवाला पोरगा खुर्चीत डुलक्या घेतोय.

“काऊन बे,” आजी म्हणाली, “खांबावरचा बलब जयून रायला, अन् तू हे धुकट काऊन करून रायला?”

पोरगा गडबडला. म्हणाला, “आजी, वायरी बदलाव्या लागते. जनरेटरवरून लाईटवर घ्यायचा चेंजओव्हर स्विच नाही आणला.” तासावर भाडं आहे, हे मात्र बोलला नाही.

आजीनं पंगतीतूनच आमच्या वायरमन भावाला उठवलं. उष्टा हात धुऊन तो बोर्डाशी गेला. मांडव दोन मिनिटं अंधारात, वऱ्हाडी ओरडायला लागले. मग पंखे फिरले, आणि ती धडधड बंद झाल्यावर पहिल्यांदा सनई ऐकू आली. रात्री हिशेबाला आजी हजर. “बलब लागला तवापासूनचे पैसे भेटनार नाही.” दिलेही नाहीत.

आता जहाज. जहाज धक्क्याला लागलं की त्याचं मोठं इंजिन थांबतं. पण दिवे, पंप, स्वयंपाकघर, थंड कंटेनर यांना वीज लागतेच. म्हणून जहाजावरचे जनरेटर चालूच राहतात, माल चढेउतरेपर्यंत, कधी दिवसभर, कधी जास्त. म्हणजे तेच! खांबावर लाईट आहे आणि धूरही चालू आहे. उपायही तोच: किनाऱ्यावरून जाड केबल टाकायची, जहाजाला वीज द्यायची, जनरेटर बंद. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदरानं २००० साली उच्च दाबाच्या विजेची अशी सोय केली.

मग सगळीकडे का नाही? चेंजओव्हर! आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, बऱ्याच जहाजांवरची ६० हर्ट्झची. मधे ती बदलणारं यंत्र लागतं, जहाजावरही जोडणीची सोय लागते. दोघांनी खर्च केला तरच केबल कामाची. नुसता खांब रोवून भागत नाही.

बाकीचं भरभर सांगतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक ०.५० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आधी ३.५० टक्क्यांपर्यंत चालायचं. धुरातलं गंधक काढणारं यंत्र बसवलेल्या जहाजांना तेवढी सूट आहे. कोळसा उतरवायच्या बंदरात ढिगांवर पाणी मारतात, कोळसा वाहून नेणारे पट्टे झाकतात. ही धूळ काय असते ते वणीच्या कोळसा खाणींकडच्या माणसाला सांगायला नको. आणि ट्रकच्या रांगा. गेटबाहेर इंजिन सुरू ठेवून उभा असलेला ट्रक हाही जनरेटरच. तोच माल रेल्वेनं गेला तर टनामागं डिझेल कमी जळतं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांत टनामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं म्हटलंय.

पण श्रोतेहो, एक गोष्ट मला बोचते. जहाजाचा जनरेटर बंद झाला, वीज किनाऱ्यावरून आली. किनाऱ्यावर ती कुठून आली? आपल्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, कोळशावरचं. महाराष्ट्राच्या जाळ्यात त्याची वीज जाते. मुंबईच्या धक्क्यावर धूर थांबला आणि इथल्या चिमणीतून निघाला, तर चुलाण्याजवळचा जनरेटर उचलून शेजाऱ्याच्या अंगणात ठेवल्यासारखं झालं की! म्हणून केबलइतकंच बंदराच्या गोदामांच्या छपरांवरचं सौर पॅनेल महत्त्वाचं, आणि वाऱ्याची वीज. केबल हवीच, पण त्या केबलमधली वीज कशाची, हे आधी विचारायचं.

आजी असती तर खांबापाशी थांबली नसती. तार धरून धरून चंद्रपूरपर्यंत गेली असती आणि तिथल्या कोण्या साहेबाला विचारलं असतं, “हे धुकट काऊन बे?”

नमस्कार.